भट्टीवर निघण्याआधीची दिवाळी

भात झोडून कणगीत पडलं की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर दोनच विषय असतात : दिवाळी, आणि तिच्या मागोमाग येणारा वीटभट्टीच्या शेठचा टेम्पो. यंदा भिवंडीकडे की वसईला, उचल किती मिळाली, म्हातारीपाशी कोण राहणार, सगळं तुम्ही चुलीपाशी बसून बोलता. चार वर्षांचं पोर तिथंच पेंगत असतं. त्याला कुणी काही सांगत नाही. मग एका पहाटे झोपेतच उचलून टेम्पोत ठेवलं जातं आणि जाग येते ती थेट भट्टीवर.

आयांनो, बाबांनो, मला बोलायचंय ते एवढ्याबद्दलच. रडेल म्हणून सांगत नाही, असं तुम्ही म्हणता. रडेलच. पण न सांगता नेलेलं पोर पुढे कितीतरी दिवस आई पाण्याला उठली तरी पदर सोडत नाही. दोन्ही हात गाऱ्यात असताना ते किती जड जातं, हे मी तुम्हाला काय सांगावं!

सांगायला दिवाळीइतकी चांगली वेळ नाही. लहान मुलाला तारीख कळत नाही, सण कळतो. आधी वाघबारस, वाघदेवाची पूजा. मग गुरं रंगवायची, सावेल्या खायच्या, तारप्यावर नाचायचं. आणि मग गाडीत बसायचं. हा क्रम त्याला बरोबर समजतो. फक्त त्याला सणात हात घालू द्या. काकडी किसून, नव्या तांदळाचं पीठ आणि गूळ घालून सावेल्या करताना पानावर पीठ थापायचं काम तीन वर्षांच्या पोरालाही जमतं. वेडंवाकडं थापेल, अर्धं कोपराला लावेल आणि वाफवून झाल्यावर ‘माझी कुठली?’ म्हणून सगळ्या उलथ्यापालथ्या करेल. करू दे.

गुरं रंगवताना तर बोलणं आपसूक निघतं. वाटीची कड गेरूत बुडवून पोर गाईच्या पाठीवर ठसे उठवत असतं आणि मध्येच विचारतं, “ही पण येणार भट्टीवर?” तेव्हा ‘गप रे’ म्हणू नका. नाही येणार, काका बघेल तिला, आजी पण इथंच राहील, असं सरळ सांगा. आणखी दहा वेळा विचारेल. दहा वेळा तेच उत्तर द्या.

उचलीतले पैसे नव्या कपड्यांत, फटाक्यांत घालू नका, असा उपदेश मी करणार नाही. वर्षाचा सण आहे. पण पुढे हजारी विटांच्या हिशोबातून ती उचल फिटते, आणि शिमग्याला घरी यायला मिळणार की नाही हे पुष्कळदा त्यावरच ठरतं. म्हणून ‘शिमग्याला येऊ’ हा शब्द पोराला जपून द्या. शेठ सोडेल याची खात्री नसेल, तर महालक्ष्मीच्या जत्रेचं किंवा पहिल्या पावसाचं नाव घ्या. उशिराचा पण खरा शब्द पोराला चालतो. ज्या घरांतले बाबा वेरावळ-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी आहेत, ते बाबा तर पावसाळा सरायच्या आत निघतात. त्या घरांत हे बोलणं दिवाळीची वाट पाहून चालत नाही.

भट्टीवर गेल्यावरही एखादी गोष्ट तशीच चालू ठेवा. झोपडीच्या कुडाला तांदळाच्या पिठाचे चार ठिपके, निजताना तीच गोष्ट, काहीही. बिनखर्चाचं असलं की टिकतं.

आता शाळेचं. इथल्याच डहाणू तालुक्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ साली बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवरून दोघींनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. पोरं कुरणात, तर शाळाही कुरणात. वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेच्या भोंगाशाळा निघाल्या, त्याही याच रीतीच्या. म्हणजे पोर गाव सोडून गेलं की त्याची शाळा संपली, असं मानायचं कारण नाही. निघण्याआधी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसवता येतं. धाकटं अंगणवाडीत असेल तर ताईला कुठं चाललोय ते सांगा आणि लसीचं कार्ड ट्रंकेत तळाशी नको, वरच ठेवा.

आणि मोठ्याला मागे ठेवायचा विचार असेल, तर यंदा हंगामी वसतिगृह आहे का, हे दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच विचारा. शाळा पुन्हा उघडते तेव्हा तुम्ही गेलेले असता आणि अर्ज कुणी करायचा, म्हणून आजी दारोदार फिरत असते.