शिडी लावताना

चि. राहुल यास,


रावेरच्या केळी पिकवणाऱ्या चेंबरमध्ये कूलिंगच्या मशिनांचं काम तुला मिळालं, असं ताईने फोनवर सांगितलं. आनंद झाला. काळजी वाटते ती त्या फरशीची. केळी पिकताना हवेतली ओल ९० टक्क्यांच्या वर ठेवतात, त्यात चिरडलेल्या सालींचा चिकटा. अशा जागी शिडी मोडत नाही, तिचे पाय सरकतात.

चढण्याआधी फरशी पूस, शिडीच्या पायांचं रबर वाकून बघ. शिडी भिंतीला १२ फुटांवर टेकत असेल तर तिचे पाय भिंतीपासून ३ फूट लांब हवेत. जास्त उभी लावलीस तर मागे उलटते, जास्त पसरट लावलीस तर घसरते. दाराजवळ लावायचीच वेळ आली तर बाहेर माणूस उभा कर. क्रेटची ट्रॉली ढकलत येणाऱ्याला समोरचं दिसत नाही. हात पोचत नसेल तर खाली उतर, शिडी सरकव, पुन्हा चढ. शेवटचा नट अंग झोकून पिळायला जातात आणि चांगले चांगले कारागीर तिथेच पडतात.

आठ-दहा फुटांनी काय होतं, असं तुला कुणीतरी म्हणेलच. माणूस पायांवर पडला की टाचेचं हाड चुरतं आणि तोच हादरा कमरेच्या मणक्यापर्यंत जातो. टाच ठणकते म्हणून सगळे टाचच बघतात, मणका राहून जातो. डोक्याला मार लागलेला माणूस तासभर नीट बोलून मग बेशुद्ध पडू शकतो. 'काही झालं नाही' म्हणाला तरी त्याला मोटारसायकलवर बसवून घरी पाठवू नका. आपल्याकडे मायेपोटी लगेच हातपाय धरून उचलतात. तसं करू देऊ नकोस. मान आणि पाठ हलू न देता १०८ ला फोन कर, किती उंचीवरून पडला ते डॉक्टरांना सांग.

मे-जूनच्या वादळात पत्रे उडतात, तारा लोंबतात आणि मालकाला सगळं आजच्या आज हवं असतं. तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची शिडी तारांच्या आसपासही उभी करू नकोस. उचलताना तिचं टोक कुठे झुकतंय, हे खालच्याला कळत नाही. फायबरची शिडी माग. कामाची सुरक्षित साधनं देणं कायद्याने मालकाचंच काम आहे, त्यात संकोच कसला? टाळाटाळ झाली तर मला कळव, मी रावेरला येऊन त्यांच्याशी बोलतो.

तुझा,
नानामामा