हृदयशल्यकर्म, त्यातील तज्ज्ञ आणि आपण ग्रामीण वैद्य

हृदयाचे शल्यकर्म नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई येथे होते. परंतु रुग्ण राहतो आपल्या गावातच. छातीतील पहिली कळ तो आपणासच सांगतो, आणि शल्यकर्मानंतर महिना-दोन महिन्यांत सांधेदुखी, अपचन वा निद्रानाश यांसाठी तो पुन्हा आपल्याच पायरीशी येतो. पिंपळगाव राजा (ता. खामगाव, जि. बुलढाणा) येथील आमच्या चिकित्सालयाचा हा नित्याचा अनुभव आहे. म्हणून या शल्यकर्माचे स्वरूप, ते करणाऱ्या तज्ज्ञांची कार्यविभागणी आणि आपले कर्तव्य यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आपल्या औषधविक्रेते बंधूंसही तो उपयोगी पडावा.

मर्म ते शल्यकर्म

चरकाचार्यांनी शिर, हृदय व बस्ती यांस त्रिमर्म म्हटले, तर सुश्रुताचार्यांनी हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली. शस्त्रकर्मात मर्मे सांभाळावीत ही त्यांची आज्ञा होती. पाश्चात्त्य शल्यवैद्यकही दीर्घकाळ हृदयास हात लावण्यास धजावले नाही. 1896 साली फ्रँकफर्ट येथे लुडविग रेन यांनी हृदयावरील जखम यशस्वीपणे शिवली. 1953 साली अमेरिकेत जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडून शल्यकर्म यशस्वी केले. 1967 साली क्लीव्हलँड येथे रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास शल्यकर्मास निश्चित रूप दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केपटाऊन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले, आणि अवघ्या काही आठवड्यांनी, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. तथापि महाराष्ट्रातील हृदयशल्यविद्येच्या इतिहासात त्या प्रयत्नाचे स्थान मोठे आहे.

कोणता तज्ज्ञ काय करतो?

रुग्णाचे नातेवाईक सर्वांनाच 'हार्टचे डॉक्टर' म्हणतात. वैद्याने मात्र भेद जाणावा.

1. हृद्रोगतज्ज्ञ (कार्डिओलॉजिस्ट) : एम.डी. मेडिसिननंतर डी.एम. वा समकक्ष पदवी. निदान, औषधयोजना, इको व अँजिओग्राफी हे त्यांचे क्षेत्र. मनगटातील वा जांघेतील धमनीतून नळी नेऊन फुग्याने अडथळा उघडणे व स्टेंट बसविणे, म्हणजे अँजिओप्लास्टी, हेही तेच करतात. यात छाती उघडावी लागत नाही.

2. हृदयशल्यचिकित्सक (कार्डिॲक सर्जन) : एम.एस. नंतर एम.सीएच. वा समकक्ष पदवी. बायपास, झडप बदलणे वा दुरुस्त करणे, जन्मजात छिद्रे बुजविणे ही कर्मे यांची.

3. हृदयभूलतज्ज्ञ : शल्यकर्माच्या काळात श्वसन, रक्तदाब व वेदनाशमन सांभाळतात, अतिदक्षता विभागातही त्यांचे लक्ष असते.

4. परफ्युजनिस्ट : हृदय-फुप्फुस यंत्र चालविणारे तंत्रज्ञ. हृदय थांबविलेले असताना शरीरातील रक्ताचे अभिसरण व प्राणवायूचा पुरवठा यांच्या हाती असतो.

'अँजिओग्राफी केली' म्हणजे उपचार झाला असे नव्हे. ती केवळ तपासणी होय. हा एक गैरसमज दूर केला तरी रुग्णाचे पुष्कळ हित होते.

मुख्य शल्यकर्मे

बायपासमध्ये उरोस्थी मध्यभागी उभी छेदून छाती उघडतात. छातीच्या आतील धमनी वा पायाची शीर घेऊन अडथळ्याच्या पुढे रक्तास नवी वाट करून देतात. काही वेळा यंत्र न वापरता धडधडत्या हृदयावरही हे कर्म केले जाते. तारेने बांधलेली उरोस्थी जुळण्यास साधारणतः दोन ते तीन महिने लागतात. या काळात जड ओझे उचलणे, दुचाकी चालविणे, छातीवर मर्दन करणे वर्ज्य समजावे. शल्यकर्माने रक्ताची वाट नवी होते, मूळ व्याधी जात नाही. तंबाखू, मधुमेह व रक्तदाब यांकडे दुर्लक्ष झाल्यास नवी वाटही बुजते.

झडपेची विकृती आपल्या भागात बहुधा बालपणीच्या संधिवाती ज्वरातून उद्भवते. घसा दुखल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मुलास ज्वर येतो आणि एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात सरकणारी वेदना व सूज दिसते. अशा मुलास केवळ आमवात समजून स्वतःकडे ठेवू नये. इको तपासणीसाठी त्वरित पाठवावे. त्यास दर तीन वा चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू झाले असल्यास ते आपल्या सांगण्यावरून कदापि बंद होऊ नये. झडप वाचविण्याचा तोच काळ असतो.

जन्मजात विकृतीची शंका केव्हा घ्यावी? स्तनपान करताना बाळास घाम येणे व दम लागणे, वजन न वाढणे, ओठ-नखे निळसर दिसणे, वारंवार फुप्फुसाचा ज्वर होणे ही लक्षणे ध्यानी ठेवावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडी व शाळेतील बालकांची तपासणी होते. त्या पथकाशी परिचय ठेवावा.

आमच्याकडून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वी कृत्रिम झडप बसविलेली एक भगिनी गुडघेदुखीसाठी आमच्याकडे आली. आम्ही नाडी व जिव्हा पाहिली आणि गुग्गुळाचा कल्प व लसूणयुक्त योग दिला. रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारले नाही. मधल्या काळात तिने दुकानातून वेदनाशामक गोळ्याही आणल्या होत्या. बाराव्या दिवशी नाकातून व हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अंगावर निळे डाग उमटले. रक्तपित्त समजून आम्ही आणखी दोन दिवस घालविले. तिच्या मुलाने जुनी फाईल आणून दाखविली तेव्हा वॉरफरिनचा उल्लेख दिसला. तातडीने रुग्णालयात पाठविल्यावर आय.एन.आर. पाचाच्या वर निघाला. ती वाचली. दोष गुग्गुळाचा, लसणाचा की वेदनाशामकाचा, हे सांगता येणार नाही. न विचारण्याचा दोष मात्र निःसंशय आमचा होता.

चिकित्सा व औषधविक्री करताना

- धातूची कृत्रिम झडप असलेल्या रुग्णास वॉरफरिन वा असेनोकुमारॉल जन्मभर घ्यावे लागते. झडपेच्या जागेनुसार व प्रकारानुसार आय.एन.आर. साधारणतः 2 ते 3.5 या मर्यादेत राखतात. कमी झाल्यास झडपेवर गुठळी होते, वाढल्यास रक्तस्राव होतो. गुग्गुळ, लसूण, हरिद्रा, आर्द्रक यांचे औषधी मात्रेतील योग, किंवा पालेभाज्यांच्या प्रमाणात अचानक केलेला फरक, यांमुळे हे संतुलन बिघडू शकते.

- स्टेंट बसविलेल्या रुग्णाची ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही औषधे 'उष्ण पडतात' म्हणून थांबवू नयेत. अवेळी थांबविल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतते. दात काढावयाचा असला तरी आधी हृद्रोगतज्ज्ञास विचारावे.

- यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते; मूत्रल औषधे वा डिगॉक्सिन घेणाऱ्यास ते घातक ठरू शकते. सर्पगंधा ही रक्तदाबाच्या चालू औषधांसोबत देऊ नये.

- चरकाचार्यांनी हृद्रोग्यास वमनास अयोग्य मानले आहे. शल्यकर्म झालेल्या रुग्णाचे शोधन तज्ज्ञाच्या संमतीविना करू नये.

- अर्जुन हृद्य आहे हे खरे; परंतु पूर्ण बंद झालेली धमनी अर्जुनक्षीरपाकाने तत्काळ उघडत नाही.

- विक्रेत्यांनी कोणतेही वेदनाशामक वा 'सांध्याचे' चूर्ण देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : "हृदयाची शस्त्रक्रिया किंवा स्टेंट झाला आहे का? रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?"

केव्हा व कोठे पाठवावे?

छातीत दाटून येणारी वेदना डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणे, घाम व अस्वस्थता येणे, ही लक्षणे असल्यास अम्लपित्त समजून वाट पाहू नये. मधुमेही व वृद्ध रुग्णांत वेदना अल्प असते, केवळ दम वा ग्लानी असते. ॲस्पिरिनचे वावडे वा रक्तस्राव नसल्यास 300 मिलिग्रॅमची गोळी चावून घेण्यास द्यावी, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व ई.सी.जी.साठी खामगावकडे रवाना करावे. गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनचा लाभ पहिल्या काही तासांतच अधिक असतो. पिंपळगावच्या रुग्णाचा वेळ प्रवासात जातो, तो आपल्या दारात आणखी जाऊ नये.

खर्चाच्या भीतीने अनेक कुटुंबे शल्यकर्म टाळतात. राज्यात 2012 साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. तिच्यात बायपास, झडप व अँजिओप्लास्टी यांचा समावेश आहे. 2023 च्या शासननिर्णयानुसार संरक्षणाची मर्यादा प्रतिकुटुंब प्रतिवर्ष 5 लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रास शिधापत्रिका व ओळखपत्र दाखवून चौकशी करावी. स्टेंटच्या किमतीवरही फेब्रुवारी 2017 पासून केंद्रीय नियंत्रण आहे. ही माहिती रुग्णास आपणच द्यावी. शेत गहाण टाकण्यापूर्वी ती त्यास मिळाली पाहिजे.

उपसंहार

शल्यचिकित्सक हृदयावर काही तास काम करतो. पुढील वीस वर्षे त्या रुग्णाचा आहार, निद्रा, व्यसनमुक्ती व मनोधैर्य सांभाळण्याचे काम आपले आहे. पथ्यापथ्य हे आपल्या शास्त्राचे बलस्थान असून येथे त्यास मोठा वाव आहे. वैद्यबंधूंनी प्रत्येक केसपेपरवर 'चालू आधुनिक औषधे' असा एक रकाना आजच सुरू करावा. आमच्या चिकित्सालयात तो त्या भगिनीनंतर सुरू झाला. आपल्याकडे तो कोणाचे रक्त न सांडता सुरू व्हावा, एवढीच विनंती.