गार सीट आणि घरचा पंखा

व्हेंटिलेटेड सीट स्वतः हवा गार करत नाही. सीटच्या पोटात एक छोटा पंखा असतो. गाडीतलीच हवा तो रेक्झीनच्या बारीक भोकांमधून फिरवतो, त्या वाऱ्याने पाठीवरचा घाम उडतो आणि आपल्याला गार वाटतं. काही महागड्या गाड्यांत हवा खरोखर थंड करणारे भाग असतात, पण आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांत नुसता पंखाच. 1997 साली स्वीडनच्या साब कंपनीने 9-5 या गाडीत अशी सीट दिली, तेव्हाही पंखा अंगाजवळची दमट हवा खाली ओढून घेत होता, एवढंच. म्हणून नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात ही सीट जीव की प्राण वाटते, आणि रत्नागिरीला बहिणीकडे गेलं की तिच्यावर पैसे का घातले असं होतं. हवेतच ओलावा असला तर घाम उडणार कुठे?

माझ्या गाडीच्या सीटमधली हवा हळूहळू कमी झाली. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर ‘सर, नॉर्मल आहे’. घरी सोल्डरिंग गन असलेल्या माणसाला असं उत्तर देऊ नये.

आधी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला पंखा लावून पाहिला. हातात धरला की भन्नाट वारा, सीटखाली बसवून वर बसलं की शून्य. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पात्यांचा पंखा मोकळ्यात भरपूर हवा ढकलतो, पण समोर अडथळा आला की त्याचा दम जातो. सीटमध्ये तर अडथळाच अडथळा: फोममधल्या अरुंद वाटा, सुईच्या टोकाएवढी भोकं आणि वर पाऊणशे किलोचा माणूस. कंपनीने बसवलेला ब्लोअर वेगळ्या जातीचा असतो. तो मधून हवा घेतो आणि कडेने दाबाने बाहेर टाकतो. तेव्हा पंखा घ्यायचाच असेल तर खोक्यावरचा सीएफएमचा, म्हणजे किती हवा ढकलतो त्याचा, मोठा आकडा पाहून भुलू नका, स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यासमोरचा दाब, किती ते बघा.

मग मोठा ब्लोअर आणला. तो सीटच्या नळीला जोडायला भाच्याने थ्रीडी प्रिंटरवर सुबक डक्ट काढून दिलं. थंडीत झकास चाललं. एप्रिलच्या शेवटी वर्धा रोडवर सीटखालून आधी घरघर आणि मग जळका वास आला. गाडी बाजूला घेऊन पाहिलं तर डक्टचं तोंड चेपून ब्लोअरच्या चाकात शिरलेलं. चाक अडकलं, करंट वाढला, मी जोडलेली बारीक वायर तापली आणि सांध्यावरच्या टेपचा चिकटा वाहिला. फ्यूज मात्र शाबूत! तो अख्ख्या सीटच्या लाइनसाठी होता, माझ्या बारीक वायरीला सांभाळणं हे त्याचं कामच नव्हतं.

डक्ट पीएलए प्लॅस्टिकचं होतं. ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. बाहेर पारा 44 वर असताना उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीत तेवढी उष्णता सहज होते. एबीएस 100 च्या आसपास टिकतं, म्हणून करायचंच तर त्यात करा. ग्लू गनने चिकटवलेलं काहीही गाडीत ठेवू नका. आणि वेगळी वायर ओढाल तर जिथून करंट घेता तिथेच, त्या वायरीला झेपेल असा स्वतंत्र फ्यूज घाला.

शेवटी ओळखीच्या सीटवाल्याकडे गेलो. त्याने ब्लोअरकडे पाहिलंसुद्धा नाही. सीटवर हात फिरवला आणि म्हणाला, “पंखा ठीकच असन जी. हे कव्हर काहून चढवलं वरून?”

कव्हर गाडीबरोबर फुकट मिळालं होतं. त्याला भोकं होती, पण ती खालच्या भोकांवर येत नव्हती आणि रेक्झीनच्या मागे बोटभर स्पंज. कव्हर काढलं, मूळ ब्लोअरच्या जाळीवरचा गालिच्याच्या तंतूंचा नमदा ब्रशने साफ केला, सीटखाली सरकलेली मॅट आणि छत्री बाहेर काढली. हवा आली. बंद खोलीत कूलर लावून खिडकी उघडायची नाही आणि उकडतं म्हणायचं, तशातला हा प्रकार.

तेव्हा आधी पारखून घ्या. सीट रिकामी असताना पंखा पूर्ण जोरात लावून भोकांवर टिश्यू पेपर ठेवा. चिकटला तर पंखा हवा आत ओढतो, फडफडला तर बाहेर फेकतो. बाहेर फेकणाऱ्या सीटचा पंखा बहुधा सीटखालचीच हवा घेतो. अशा गाडीत एसीची हवा थोडा वेळ पायांकडे वळवली तर पाठीलाही गारवा पोचतो, एक रुपया न खर्चता. काहीच हललं नाही तरच पंखा किंवा वायरिंग तपासायचं.

सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही. ती साइड एअरबॅगची आणि सीटबेल्टची वायरिंग. ते काढून इग्निशन लावलं की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि बहुतेक गाड्यांत स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. हा झाला किरकोळ त्रास. खरा धोका असा की एअरबॅग नको तेव्हा उघडेल किंवा हवी तेव्हा उघडणार नाही. शेजारच्या सीटच्या गादीत बऱ्याच गाड्यांत माणूस बसला आहे का हे ओळखणारा सेन्सर असतो, म्हणून तो फोम कापून वाट मोठी करण्याचा उद्योगही नको. सीट उतरवावीच लागली तर ज्याचं ते काम आहे त्याच्याकडून करून घ्या.

घरगुती उपायांत मला मान्य दोनच: फक्त बैठकीवर अंथरायचं जाडसर जाळीचं थ्रीडी मेश, नाहीतर टॅक्सीवाल्यांचं लाकडी मण्यांचं आसन. दोन्ही घट्ट बांधा, आणि पाठीच्या कडेची एअरबॅगची शिवण झाकू नका. नव्या गाडीबरोबर सीट कव्हर फुकट देऊ लागले तर त्याऐवजी मडफ्लॅप मागून घ्या.