मित्र खचला असेल तर

सभासद बंधूंनो, या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा नि खतांच्या मात्रा सांगतो. या वेळचा विषय वेगळा आहे.

मागल्या हंगामात एक वयस्कर सभासद गट ऑफिसात आले नि म्हणाले, "साहेब, पुढची ऊसनोंद मंडळींच्या नावानं करा. शेअरला वारस कुणाचं नाव आहे तेबी बघा." आम्ही कागद बघून सांगितले, चहा पाजला, ते गेले. त्यांच्या बांधशेजाऱ्याला मात्र हे खटकले. दावणीची म्हैस त्यांनी मेहुण्याकडे पोचती केली होती. पारावर येणे बंद, जेवण तुटलेले, नि "माझ्यामागं कुणाला ताप नको" हे पालुपद. आम्हाला कळायला हवे होते ते शेजाऱ्याला कळले.

त्याच रात्री त्याने जाऊन सरळ विचारले, "आबा, जीव द्यायचं मनात येतंय का?" असे विचारले की नसते खूळ डोक्यात शिरते, हा आपल्याकडचा समज खरा नाही. उलट कोंडलेले बोलायला वाट मिळते. आबा बराच वेळ गप्प बसले, मग रडले. शेजाऱ्याने कर्जाचा हिशेब मांडला नाही, "पोराबाळांचा तरी विचार करा" असे सुनावलेही नाही, नुसते ऐकले. (उपदेशाची खोड आम्हालाही आहे, म्हणून सांगतो.) घरच्यांना विश्वासात घेतले नि रात्री तिथेच झोपला.

झोपण्याआधी आबांच्या घरातली फवारणीची सगळी औषधे त्याने आपल्या घरी नेऊन कुलपात टाकली. हे काम लहान समजू नका. ती ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते; तेवढ्यात विष हाताशी नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

सकाळी तो स्वतः आबांना घेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेला. नुसता पत्ता देऊन भागत नाही. रात्री-अपरात्री काही सुचेना झाले तर सरकारच्या 'टेलि-मानस'चा १४४१६ हा नंबर फुकट लागतो, मराठीत बोलता येते. कुणी प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या धास्तीने दवाखाना लांबवू नका; २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाची काळजी नि उपचार ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

आबांची यंदाची लागण त्यांच्याच नावावर नोंदली आहे. औषधे अजून शेजाऱ्याच्या कुलपात आहेत. फवारणीला लागतील तेवढीच तो काढतो, नि पंपही स्वतःच मारतो.