खारपट्ट्याचा रंगीत उठाव-नकाशा

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जमिनीची उंची हा पिकाच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे. पेण व अलिबाग तालुक्यांतील खारबंदिस्तीच्या आतील कित्येक भातखाचरे उधाणाच्या पाण्याहून खालच्या पातळीवर आहेत. बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरते व पुढील हंगामाचे भातही धोक्यात येते. गावाची सखल जमीन एका दृष्टिक्षेपात दाखविणारा नकाशा म्हणूनच उपयोगी ठरतो आणि आता तो संगणकावर विनामूल्य तयार करता येतो.

त्यास लागणारी उंचीची अंकीय सामग्री तयारच आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने 11 दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. या सामग्रीत सुमारे 30 मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीस उंचीचा एकेक आकडा दिलेला असतो. क्यूजीआयएस या संगणक-प्रणालीत ही सामग्री उघडल्यावर प्रथम तिचे अक्षांश-रेखांश मीटरमध्ये, म्हणजे यूटीएम विभाग 43 मध्ये, बदलून घ्यावेत. हे न केल्यास छाया बिघडते.

नंतर दोन थर तयार करावेत. एक छायेचा व दुसरा रंगाचा. छायेसाठी प्रकाश वायव्येकडून, 45 अंश उंचीवरून येतो असे मानतात. कोकणात सूर्य त्या जागी कधीच येत नाही. तथापि प्रकाश आग्नेयेकडून दाखविल्यास पुष्कळांना कनकेश्वराचा डोंगर खळग्यासारखा भासतो! रंगाचा थर छायेवर ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने बसविला की सह्याद्रीचे कडे उठून दिसू लागतात.

खरे कौशल्य रंगांच्या वाटणीत आहे. प्रत्येक 100 मीटरला एक रंग दिल्यास माथेरानचा डोंगर सुरेख दिसतो, पण धरमतर खाडीकाठचा सारा खारपट्टा एकाच रंगात बुडून जातो. याकरिता 0 ते 10 मीटर या टप्प्यातच पाच-सहा छटा द्याव्यात व वरील शेकडो मीटरांस मोजकेच तपकिरी रंग ठेवावेत. सखल भागास हिरवा रंग देण्याची रूढी येथे सोडलेली बरी. हिरवा रंग सुपीकता सुचवितो. खाऱ्या जमिनीस निळसर-राखाडी छटा अधिक शोभते.

नकाशा कितीही देखणा झाला तरी त्याच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. या सामग्रीतील शून्य म्हणजे सरासरी समुद्रसपाटी होय, भरतीची रेषा नव्हे; उधाणाचे पाणी तिच्याहून सुमारे दोन मीटर वर चढते. शिवाय रडारने फेब्रुवारीत कापणी झालेली खाचरे उघडी पाहिली, परंतु कांदळवन बारमाही हिरवे असल्याने तेथे जमिनीऐवजी झाडांचा शेंडा मोजला गेला. त्यामुळे खाडीकाठ नकाशावर प्रत्यक्षाहून उंच व सुरक्षित दिसतो. आकडे पूर्ण मीटरांत असून त्यांत काही मीटरांची चूक संभवते. साहजिकच अरुंद बांध व उघाड्या या नकाशावर दिसतच नाहीत.

कोणत्या भागाची मोजणी आधी करावयाची हे या नकाशावरून ठरवावे. बांधाची उंची मात्र लेव्हल यंत्राने, उधाणाच्या पाण्याची खूण पाहूनच निश्चित करावी व ते काम पावसाळ्यापूर्वी उरकून घ्यावे.