पावसात सायकल : किती भिजावे आणि कुठून?

देवगाव फाटा हे परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले रस्ता फुटण्याचे ठिकाण. आसपासच्या खेड्यांतील माणसे सायकलीवर फाट्यापर्यंत येतात, सायकल ओळखीच्या दुकानामागे लावतात आणि एस.टी. पकडून सेलूला किंवा जिंतूरला कामावर जातात. शाळेला जाणारी मुलेमुलीही याच रस्त्यांवर असतात. पावसाळ्यात पाच-सहा किलोमीटर भिजत आलेला माणूस पुढे दिवसभर त्याच ओल्या कपड्यांत बसतो. खरा त्रास तिथून सुरू होतो. तो टाळण्यासाठी शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान कितपत उपयोगी पडते ते पाहू.

प्रथम नेहमीचा वाद : पावसात सायकल जोरात हाणावी की हळू? समजा वारा नाही, ताशी १० मिलिमीटर या गतीने पाऊस सरळ खाली पडतो आहे आणि अंतर ६ किलोमीटर आहे. २ मिलिमीटर व्यासाचा थेंब हवेच्या विरोधामुळे सेकंदाला सुमारे ६.५ मीटर या स्थिर वेगाने खाली येतो. ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर वेगाने जाणाऱ्याला हाच सरळ पाऊस उभ्या रेषेशी सुमारे ३३ अंशांचा कोन करून समोरून येताना दिसतो. (ताऱ्यांच्या जागा वर्षभरात किंचित सरकतात त्याचे कारणही असेच आहे. तिथे पावसाऐवजी प्रकाश आणि सायकलीऐवजी पृथ्वी! जेम्स ब्रॅडली याने १७२८ साली हे ओळखले.)

आता अंगावर येणाऱ्या पाण्याचे दोन हिस्से करा. डोके, खांदे आणि मांड्या मिळून वरून दिसणारे क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर धरू. ताशी १५ किलोमीटरने २४ मिनिटे लागतील, तेवढ्यात ४ मिलिमीटर पाऊस पडेल, म्हणजे वरून १.२ लिटर पाणी आले. समोरच्या बाजूचे क्षेत्रफळ ०.५ चौरस मीटर धरू. ताशी १० मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर सेकंदाला २.८ ग्रॅम. त्याला ६.५ ने भागले की प्रत्येक घनमीटर हवेत ०.४३ ग्रॅम पाणी तरंगते असे निघते. ६००० मीटर जाताना आपण ३००० घनमीटर हवा कापतो, म्हणजे समोरून १.३ लिटर. या दुसऱ्या हिशेबात सायकलीचा वेग कुठेच आला नाही, हे ध्यानात घ्या. ते पाणी चुकत नाही. वेगाने कमी होते ते फक्त डोक्यावरचे. ताशी १० किलोमीटरने एकूण ३.१ लिटर, १५ ने २.५ आणि २० ने २.२. वेग दुप्पट केला तरी तिसरा हिस्साही वाचत नाही.

उलट खर्च मात्र वाढतो. हवेच्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रमतगमत चालवणाऱ्याचे पाय सुमारे ६० वॉट काम करतात. शरीराची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास धरली तर आणखी २४० वॉट उष्णता अंगात निर्माण होते. ती सारी घामानेच बाहेर टाकायची म्हटली तर एक ग्रॅम घाम वाळताना २४०० जूल घेतो या हिशेबाने २४ मिनिटांत १४४ ग्रॅम घाम वाळला पाहिजे. अंगाला चिकटलेल्या बंद रेनकोटात तो वाळत नाही. मग माणूस बाहेरून कोरडा आणि आतून चिंब! चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून कापड केले, तेव्हापासून रेनकोटाचे हे दुखणे चालत आले आहे.

"पावसात हवाच दमट, तेव्हा घाम कसाही वाळणार नाही," असे कुणी म्हणेल. ते बरोबर नाही. त्वचेचे तापमान ३४ अंश सेल्सिअस, तिथे वाफेचा संपृक्त दाब ४० मिलिमीटर पारा. बाहेरची हवा २४ अंशांची आणि पूर्ण संपृक्त असली तरी तिचा दाब २२ मिलिमीटर. वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणारच, तिला वाट मात्र हवी. म्हणून खालून मोकळे, काखेत सैल आणि गळ्याशी घट्ट नसलेले आवरण चांगले. शेतावर जाणारा माणूस पोत्याची खोळ डोक्यावरून पाठीवर सोडतो, त्यात हे आपोआप साधते. सायकलीवर मात्र ती वाऱ्याने उडते आणि चाकात अडकते, तेव्हा कमरेशी दोरी हवीच.

तिसरे पाणी खालून येते, आणि ते सर्वांत घाण! चाकाच्या मागच्या बाजूचा बिंदू वर चढत असतो. तिथून सुटलेला थेंब सायकलीच्या वेगानेच वर उडतो. त्याची उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले १९.६. सेकंदाला ४.२ मीटर वेगाला ९० सेंटिमीटर, आसापासून. थोड्या वरून सुटलेले थेंब पुढे झेपावतात आणि सदऱ्यावर पाठीच्या मधोमध चिखलाची रेघ उमटते. ताशी १० किलोमीटरला उंची ४० सेंटिमीटरच भरते, म्हणून डबक्यात वेग कमी करणे हा बिनपैशाचा उपाय. मडगार्ड हवे, आणि पुढच्या मडगार्डला जमिनीच्या जवळ येणारा रबरी फ्लॅप हवा, कारण बूट भिजवतो तो पुढच्या चाकाचा फवारा. पण आपल्याकडची काळी माती मडगार्ड आणि चाक यांच्या फटीत अशी गच्च बसते की चाक फिरेनासे होते. कच्च्या रस्त्याने येणाऱ्यांच्या कॅरिअरला एक मजबूत काडी खोचलेली असते ती याचसाठी. ओल्या पोलादी रिमवर ब्रेकचे रबरही घसरते. थांबण्याच्या बरेच आधी ब्रेक हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे.

माझे मत असे की पायडल मारताना भिजण्याची फार चिंता करू नये. तेव्हा अंगातली २४० वॉटची शेगडी पेटलेली असते. फाट्यावर उतरून बसमध्ये बसलात की ती विझते आणि सदऱ्यातले पाणी वाळताना उष्णता तुमच्याकडूनच घेते. २०० ग्रॅम पाणी वाळले तर ४,८०,००० जूल! हुडहुडी इथे भरते. म्हणून रेनकोटापेक्षाही मोलाची वस्तू म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेलेला कोरडा सदरा आणि पंचा.

सदरा कोणत्या कापडाचा, हे तुम्हीच ठरवा. सुती आणि टेरिकॉट कापडाचे सारख्या वजनाचे दोन तुकडे घ्या. दोन्ही पाण्यात बुडवून सारखे पिळा, शाळेतल्या तराजूत तोला आणि शेजारी शेजारी वाळत घाला. दर दहा मिनिटांनी पुन्हा तोला आणि वजन व वेळ यांचा आलेख काढा. एकदा उन्हाच्या दिवशी आणि एकदा झडीच्या दिवशी, असे दोन्ही वेळा करा.