घटक 6 : खासगी विक्रीचे निवेदन – फेरबदल केलेल्या जुन्या जीपचे उदाहरण

6.1 उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,
• व्यापारी जाहिरात आणि खासगी विक्रीचे निवेदन यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• निवेदनातील विशेषणांऐवजी तपासता येणारी माहिती योजता येईल.
• निवेदनातील मौनाचे भाषिक आणि कायदेशीर परिणाम सांगता येतील.

6.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यापारी जाहिरातीमागे एखादी संस्था, तिचे नाव आणि तिची हमी उभी असते. खासगी विक्रीत यांपैकी काहीच नसते. दोन अनोळखी माणसे समोरासमोर येतात आणि त्यांच्यातील पहिला दुवा म्हणजे विक्रेत्याने लिहिलेल्या चार ओळी. म्हणून या ओळींचे मुख्य कार्य आकर्षित करणे हे नसून विश्वास निर्माण करणे हे असते.

या घटकासाठी आपण मुद्दाम एक अवघड उदाहरण घेतले आहे. डोंगरवाटा आणि चिखलरस्ते यांसाठी बरेच फेरबदल केलेली जुनी जीप विकायची आहे. कारखान्यातून आली तशीच असलेली गाडी ग्राहकाला ओळखीची असते. बदललेली गाडी मात्र एकमेव असते आणि तिची खरी माहिती फक्त मालकाकडे असते. माहितीतील ही विषमता शब्दांनी दूर करणे, हे येथे लेखकाचे काम आहे.

6.3 सदोष नमुना

पुढील काल्पनिक निवेदन वाचा.

‘दमदार, रुबाबदार, जंगलची राणी! फुल मॉडिफाय जीप. लाखोंचा खर्च केलेला. पाहताक्षणी प्रेमात पडाल. मीटर फक्त 62,000. कागदपत्रे क्लिअर. किंमत फोनवर.’

यातील ‘दमदार’ आणि ‘रुबाबदार’ ही विशेषणे कोणत्याही गाडीला लावता येतात. म्हणून ती या गाडीविषयी काहीच सांगत नाहीत. ‘फुल मॉडिफाय’ या शब्दांतून काय बदलले, केव्हा बदलले आणि कोणी बदलले हे कळत नाही. ‘लाखोंचा खर्च’ हे विधान विक्रेत्याच्या दृष्टीने खरे असले, तरी ग्राहकाला मूल्य हवे असते, खर्चाचा हिशेब नव्हे. एकाने हौसेने बसवलेला भाग दुसऱ्याला नकोसा असू शकतो. त्यामुळे फेरबदलांवर केलेला खर्च विक्रीत सहसा पूर्ण वसूल होत नाही.

‘मीटर फक्त 62,000’ या विधानाकडे विशेष लक्ष द्या. आकडा खरा आहे, तरीही विधान दिशाभूल करणारे असू शकते. मीटर चाकाचे फेरे मोजतो. मूळ टायरचा व्यास 26 इंच असताना 30 इंचाचे टायर बसवले आणि मीटरमध्ये दुरुस्ती केली नाही, तर प्रत्येक फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते आणि मीटर मात्र जुन्याच हिशेबाने आकडा दाखवतो. अशा वेळी मीटरवरील 20,000 किलोमीटर म्हणजे प्रत्यक्षातील सुमारे 23,000 किलोमीटर होत.

6.4 सुधारित नमुना

‘2014 सालची डिझेल जीप, चारही चाकांना जोर, दुसरा मालक. मीटरवर 62,000 कि.मी.; पैकी शेवटचे 20,000 मोठ्या टायरांवर, म्हणून प्रत्यक्ष धाव सुमारे 65,000. 2019 मध्ये गॅरेजमधून केलेले बदल : 30 इंची टायर, दोन इंच उंचावलेले सस्पेन्शन, समोर लोखंडी बंपर व विंच. हे बदल आर. सी. बुकात नोंदलेले नाहीत. मूळ टायर, स्प्रिंगा व बंपर जपून ठेवले असून हस्तांतरापूर्वी बसवून दिले जातील; बसवलेले भाग हवे असल्यास किंमत वेगळी. दोष : डाव्या पायदानाखाली गंज, चौथ्या गिअरमध्ये आवाज. गाडी दोनदा खोल पाण्यातून नेली आहे. त्यानंतर मागील डिफरन्शियलचे तेल बदलले, पावती आहे. आपल्या फिटरला घेऊन या.’

या नमुन्यात गाडीची स्तुती करणारे एकही विशेषण नाही; तरीही गाडी डोळ्यांसमोर उभी राहते. पाण्याविषयीचे वाक्य पाहा. डिफरन्शियलमध्ये पाणी शिरले तर तेल दुधाळ होते आणि आतील दाते व बेअरिंगे झिजू लागतात. जाणकार ग्राहक हे विचारणारच असतो. त्याने विचारण्यापूर्वी सांगितल्यामुळे उरलेल्या विधानांनाही वजन प्राप्त होते. शेवटचे वाक्य तर निमंत्रणच आहे. लपवण्याजोगे काही असणारा विक्रेता ते सहसा लिहीत नाही.

6.5 मौन आणि कायदा

भाषेच्या अभ्यासकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. 1872 च्या भारतीय करार कायद्यातील कलम 17 नुसार केवळ मौन ही सामान्यतः फसवणूक ठरत नाही; परंतु माहीत असलेली गोष्ट फसवण्याच्या हेतूने झाकणे ही फसवणूक ठरते. तसेच बोलणे हे कर्तव्य असेल किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल, तर मौनही फसवणूक ठरू शकते. ‘कागदपत्रे क्लिअर’ असे लिहून नोंद नसलेल्या बदलांविषयी गप्प राहणे हे असेच बोलके मौन होय.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनातील फेरबदलांवर बंधने घालते. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. म्हणून मूळ भाग परत बसवून गाडी देणे आणि सुटे भाग निराळे विकणे हा सुरक्षित मार्ग आहे. सुधारित नमुन्यातील तसे वाक्य केवळ सौजन्यापोटी आलेले नाही.

पैसे हाती आले की व्यवहार संपला, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. त्याच कायद्याच्या कलम 50 नुसार, गाडी त्याच राज्यात नोंदलेली असेल तर विक्रेत्याने 14 दिवसांच्या आत हस्तांतराची सूचना द्यावयाची असते. त्यासाठी नमुना 29 व नमुना 30 वापरले जातात. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी अनेक हातांतून गेली होती, पण नोंदणी पहिल्याच विक्रेत्याच्या नावावर राहिली होती. दरम्यान अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच आली. गाडी देताना दिनांक, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घेतलेली पावती आवश्यक आहेच. परंतु ती नोंदणीतील बदलाची जागा घेऊ शकत नाही.

6.6 सारांश

खासगी विक्रीच्या निवेदनात विशेषणापेक्षा तपशील, खर्चापेक्षा स्थिती आणि मौनापेक्षा कबुली अधिक परिणामकारक ठरते. दोष सांगितल्याने किंमत थोडी उतरेलही. परंतु विक्रीनंतरचे वाद, परत आलेली गाडी आणि गावात गेलेला शब्द यांची किंमत त्याहून मोठी असते.

6.7 स्वाध्याय

1. ‘खरा आकडाही दिशाभूल करू शकतो’ हे विधान मीटरच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
2. सदोष नमुन्यातील कोणतीही तीन विधाने निवडून ती तपासता येतील अशा रीतीने पुन्हा लिहा.
3. आपल्या घरातील एखादी जुनी, दुरुस्त केलेली वस्तू (शिलाई यंत्र, पाण्याचा पंप, सायकल) विकायची आहे असे समजून 80 शब्दांत निवेदन तयार करा. त्यात किमान दोन दोषांचा उल्लेख असावा.